सतरा नंबरचं चेंबर

नगरपालिकेत तिला सगळे 'गटारबाई' म्हणत. आधी पाठीमागे, मग तोंडावर. तिने ते कधी मनाला लावून घेतलं नाही. नोकरीची पहिली वीस वर्षं तिने नकाशे काढण्यात घालवली आणि पुढची अकरा, ते नकाशे जमिनीवर खरे आहेत की नाहीत हे बघण्यात. नवी वसाहत उभी राहिली की बिल्डर रस्ते, दिवे आणि पावसाळी गटारं पालिकेच्या ताब्यात देऊन मोकळा होतो. लोक राहायला येतात, ओटे बांधतात, बागा फुलवतात आणि पायाखाली काय आहे ते विसरून जातात. ते लक्षात ठेवणं हेच तिचं काम.

उतारावरच्या अशाच एका वसाहतीच्या खालच्या टोकाला एका शिंप्याचं दुकान होतं. दोन वर्षांत पाच वेळा तिथे पाणी शिरलं. पाचव्या वेळी तो अर्ज घेऊन आला नाही, भिजून आकसलेला एक कोट घेऊन आला. तो तिच्या टेबलावर ठेवून म्हणाला, "बाई, हा गिऱ्हाइकाचा आहे. त्याला काय सांगू, तेवढं सांगा."

तो गेल्यावर तिने वसाहतीचा नकाशा काढला आणि गाळ काढणाऱ्या टोळीच्या मुकादमाला बोलावलं. नकाशात एकवीस चेंबर होती.

"दरवर्षी सगळी साफ करता?"

"वीस करतो. सतरा नंबर सापडतच नाही. रजिस्टरला 'आढळले नाही' असं लिहितो."

"किती वर्षं लिहिताय?"

"तीन झाली असतील."

"मग पाणी तिथेच मुरतंय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघं मोजपट्टी घेऊन गेले. सोळा नंबरचं झाकण उचललं तर आत तोंडापर्यंत पाणी. अठराचं उचललं तर कोरडं ठणठणीत. नकाशाप्रमाणे सोळापासून तीस मीटर मोजत निघाले. घरांपुढची दोन मीटरची पट्टी पालिकेची होती, पण ती सगळ्यांनीच आपली म्हणून वापरायला घेतली होती. मोजपट्टीचं टोक एका फाटकातून आत गेलं आणि पोर्चच्या लाल फरशीवर थांबलं. मुकादमाने आधी बाईंकडे पाहिलं, मग आभाळाकडे.

घर तिच्या धाकट्या भावाचं होतं.

दर रविवारी याच फरशीवर खुर्ची टाकून ती आईशी गप्पा मारत बसायची. गावभर झाकणं शोधत फिरणाऱ्या बाईला आपल्या खुर्चीखालचं दिसलं नव्हतं.

भाऊ बाहेर आला. "ताई, आज इकडे कुठे? चहा टाकायला सांगू?"

"आधी सांग, इथे खाली झाकण होतं का?"

खोटं बोलणं त्याला लहानपणापासून जमत नव्हतं. "होतं. गवंड्याने विचारलं, काय करू. मीच म्हटलं, बुजवून टाक. आई दोनदा त्याला अडखळली होती. दुसऱ्यांदा मनगट मोडलं. तूच नव्हतीस का दवाखान्यात?"

ती होती. तीन दिवस.

"फोडावं लागेल," ती हळूच म्हणाली.

"पाइप दुसरीकडून वळवता येत नाही? तू ठरवलंस तर होईल."

"होईल. म्हणूनच मला ते ठरवता येत नाही."

भावजय दारात उभी होती. "वन्सं, नोटीस तरी दुसऱ्या कुणाच्या सहीने येऊ दे."

आतून आईचा आवाज आला, "माझ्या नावाने भांडू नका. मला चालायला जागा ठेवा म्हणजे झालं."

रात्रभर विचार करून तिने नोटिशीवर स्वतःच सही केली. दुसऱ्याच्या आडून आपल्याच भावाचं अंगण फोडायचं, हे तिला जास्त वाईट वाटलं.

फरशी फोडली त्या दिवशी भाऊ घरी थांबला नाही. झाकणाखाली तीन वर्षांचा गाळ होता, आणि गाळाच्या तळाशी बिल्डरच्या माणसांनी टाकलेला राडारोडा. सिमेंटची दोन पोती दगड होऊन बसली होती. टोळीला दिवस पुरला नाही. ती कडेला उभी होती. समोरच्या गॅलरीतून कुणीतरी म्हणालं, "सख्ख्या भावाला सोडलं नाही, तिथे आपली काय कथा." तिने ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

नवं झाकण तिने स्वतः लोहाराकडे बसून करून घेतलं. फरशीच्या अगदी पातळीत, वरून खरखरीत, उचलायच्या कड्या खाचेत बसवलेल्या. दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा बसलं तेव्हा आईला हाताला धरून त्यावरून चालवलं. आई काठी आपटून म्हणाली, "वाजतंय." तिने खाली रबराची पट्टी लावून घेतली. मग आई एकटीच दोनदा फिरून आली आणि काही बोलली नाही, म्हणजे पसंत होतं.

पुढच्या मोठ्या पावसात ती शिंप्याच्या दुकानापाशी जाऊन उभी राहिली. रस्त्यावरचं पाणी जाळीतून खाली जात होतं. आत तो मान खाली घालून मशीन चालवत होता. तिने हाक मारली नाही.

भाऊ मात्र पाच महिने बोलला नाही. रविवारी ती आली की तो आतल्या खोलीत जायचा. भावजय चहा आणून द्यायची, आई दोघांचंही सांभाळून बोलायची. ही किंमत मोजावी लागणार हे तिला ठाऊक होतं, तरी दर रविवारी परत जाताना ती आतल्या खोलीच्या दाराकडे एकदा बघून जायची.

मग एका दुपारी कचेरीत फोन आला.

"शेजारच्याने अठरा नंबरवर कुंड्या मांडल्यात," भाऊ म्हणाला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "तुझ्या माणसांना पाठव."

"तू सांगून बघ ना त्याला."

"सांगितलं. म्हणतो, तू बहिणीचा माणूस."

मग पलीकडून त्याचं हसू ऐकू आलं, थोडं अडखळत, आणि तीही हसली. उद्या सकाळी येते, असं तिने सांगितलं.