सिस्टर नोराचा मृतदेह कधीच सापडला नाही

कतारमधली आमची मराठी माणसं आठवडाभर गॅसच्या प्लांटवर प्रेशर सांभाळतात आणि शुक्रवारी नाटक बसवतात. प्रेशर कुठेतरी सोडावं लागतंच. ते शुक्रवारी सुटतं आणि शनिवारी त्याचा किस्सा होतो!

मी इथेच वाढले, नाटक शिकायला डब्लिनला गेले आणि मागच्या वर्षी परत आले ती एकच निश्चय करून, की दोहात खरी, जिवंत रंगभूमी उभी करायची. विमानतळावरून घरी येताना आईला हे सांगितलं. आई म्हणाली, "कर हो. आधी तुझं कपाट आवर."

त्यानंतर जे जे घडलं ते मी मैत्रिणींना सांगत गेले, आणि दर वेळी त्या एकच म्हणतात, "तू रचतेस!" मी काहीही रचत नाही. मला एवढं सुचत असतं तर मी नाटकच लिहिलं नसतं का?

*

या सगळ्याच्या मध्यभागी आहे ऑर्ला.

ऑर्ला आयर्लंडची टीव्हीवरची नटी. तिकडच्या एका हॉस्पिटलच्या मालिकेत ती वर्षानुवर्षं सिस्टर नोरा होती. डब्लिनमधली माझी घरमालकीण त्या मालिकेचे जुने भाग बघताना रोज बटाटे करपवायची, म्हणून तो चेहरा मला पाठ होता. आणि एके दिवशी दोहातल्या मुशैरिब भागात एका कॉफीच्या दुकानात तोच चेहरा माझ्यापुढे रांगेत उभा!

मी धीर करून विचारलं, "तुम्ही सिस्टर नोरा ना?"

ती गर्रकन वळली. "तू डब्लिनहून आलीस? मग खरं सांग, तिकडे लोक काय म्हणतात? मी मेले की नाही?"

झालं होतं असं, की कॉन्ट्रॅक्टवरून निर्मात्याशी तिचं वाजलं आणि त्यानं पुढच्याच आठवड्यात सिस्टर नोराला अँब्युलन्ससकट तळ्यात घातलं. पण मृतदेह दाखवला नाही. मालिकेच्या धंद्यात मृतदेह सापडला नाही म्हणजे दार उघडं! एजंटनं तिला तेव्हा सांगितलं, "तयारीत राहा, कधीही वर काढतील." तेव्हापासून बाई तयारीत होती. नवरा डेक्लन इथे समुद्रातल्या गॅसच्या प्लॅटफॉर्मवर इंजिनिअर, ती इथल्या शाळेत पोरांना नाटक शिकवायची, आणि फोन वाजला की अजूनही दचकायची.

"मला परत बोलावलं नाही तरी चालेल," ती कॉफी ढवळत म्हणाली. "पण निदान मेलीस म्हणून तरी सांगा ना! ही बुडून राहण्याची नोकरी किती वर्षं करायची?"

त्याच दिवशी मी ठरवलं. ही बाई पुन्हा अभिनय करणार.

*

एकदा शाळेत पुठ्ठ्याचा मुकुट कापताना ऑर्लाचं बोट कापलं. मी तिला वेस्ट बेमधल्या एका क्लिनिकमध्ये घेऊन गेले. आत ड्यूटीवर नर्स होती, तीही नेमकी आयर्लंडची. ऑर्लाला बघितलं मात्र, तिच्या हातातला ट्रे खाली!

"तुम्ही... तुम्ही तळ्यात होतात!"

ऑर्लानं तिला समजावलं की तळं स्टुडिओतलं होतं आणि पाणी कमरेएवढं. नर्सच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी तुम्हाला बघून नर्स झाले, सिस्टर." इथपर्यंत ठीक होतं. पण बँडेज करायची वेळ आली तेव्हा तिनं हात मागे घेतले. "छे छे, तुमच्यासमोर मी? तुम्हीच करा, मी बघते." एवढं बोलून तिनं आतल्या दोघी नर्सनाही शिकायला बोलावून घेतलं.

आता, ऑर्लाला रक्त बघवत नाही. मालिकेत इतकी वर्षं तिनं इंजेक्शनं दिली ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत! इथे तिनं पहिल्यांदा बोटाकडे नीट बघितलं आणि धाडकन आडवी झाली.

शुद्धीवर आली तेव्हा तिघी नर्स भारावून उभ्या. "अगदी तश्शाच पडलात," पहिली म्हणाली, "बंदरातल्या स्फोटाच्या भागात पडला होतात ना, तश्शाच!"

*

आमच्या मंडळाच्या तालमी दोहाबाहेर, उम्म सलाल मोहम्मद या गावी बर्वे काकांच्या व्हिलातल्या हॉलमध्ये होतात. बर्वे काका प्लांटवर सेफ्टी मॅनेजर आहेत. मूळचे नाशिकचे, पण आता त्यांचं गाव म्हणजे सेफ्टी. आगीच्या सरावात बाहेर काढलेल्यांचा हेडकाउंट, म्हणजे माणसांची मोजणी, झाल्याशिवाय ते कुणालाही परत आत सोडत नाहीत. प्लांटवर कुठलंही काम सुरू करण्याआधी सगळ्यांना गोल उभं करून धोके समजावून सांगतात, त्याला टूलबॉक्स टॉक म्हणतात. काका तो टॉक तालमीआधीही देतात!

ऑर्लाला मी पहिल्यांदा नेलं तेव्हा काका बोलत होते, तिच्यासाठी इंग्रजीतून. "आजचे धोके. एक, गालिच्याची कड वर आलीय. दोन, दुसऱ्या प्रवेशात थप्पड आहे, मारणाऱ्यानं अंगठी काढून ठेवायची. तीन, रडण्याचा प्रवेश मोठा आहे, आधी पाणी प्यायचं. डिहायड्रेशन होतं. काही शंका? यल्ला, सुरू करा."

मी शरमेनं मान खाली घातली. येताना गाडीत मी हिला जिवंत रंगभूमीबद्दल काय काय सांगितलेलं! वळून बघते तर ऑर्ला डोळे पुसत होती.

"इतक्या वर्षांत," ती म्हणाली, "एकाही दिग्दर्शकानं मला विचारलं नाही, की रडण्याआधी पाणी प्यायलीस का."

काका म्हणाले, "विचारतील कसे? त्यांच्याकडे कामाचं परमिटच नसणार."

*

काकांच्या पत्नी, शुभदा काकू, यांची पद्धत अशी, की घरी माणूस येणार असेल तर त्याची आधी पूर्ण माहिती काढायची. ऑर्ला येणार म्हटल्यावर त्यांनी तिच्या मालिकेचे मिळतील तेवढे भाग ऑनलाइन बघून टाकले. त्यामुळे पहिल्याच भेटीत, चहा हातात देतानाच, प्रश्न आला.

"डॉक्टर इतका चांगला होता. त्याला का सोडलंस गं?"

ऑर्ला गोंधळली. "ते... लेखकानं लिहिलं होतं तसं."

"लेखकानं सांगितलं म्हणून संसार मोडायचा?"

मी मध्ये पडले. म्हटलं, काकू, ती भूमिका होती, हिचा खरा नवरा डेक्लन. काकूंनी ऐकून घेतलं. पण पुढच्या शुक्रवारी डेक्लन जेवायला आला, तेव्हा काकूंनी त्याच्या पानात अर्धीच पुरणपोळी वाढली. तो बिचारा माझ्या कानात म्हणाला, "माझं काही चुकलं का?"

काय सांगणार? डॉक्टरची जागा घेतली होती त्यानं!

*

तालमीत मी एकदा सगळ्यांना बसवून सांगितलं, की रंगमंचावर खोटं एक अक्षर बोलायचं नाही. वाक्य पाठ आहे म्हणून म्हणायचं नाही, आतून पटेल तेव्हाच म्हणायचं. मी हे मनापासून सांगत होते. आजही सांगते.

काका म्हणाले, "अगं, खरं मी दिवसभर ऑफिसात बोलतो. लोक तोंड चुकवतात. नाटकात तरी मला जरा खोटं बोलू दे!"

*

गणपतीतलं आमचं नाटक तर ऑर्लानंच संपवलं.

तिला मराठी येत नाही, म्हणून आम्ही तिला बेशुद्ध सासूची भूमिका दिली. पहिल्या प्रवेशात सासू कोमात जाते, तिच्या उशाशी सुना भांडतात आणि तिसऱ्या अंकाच्या शेवटी ती डोळे उघडते. ऑर्ला खूश! "पडून राहायचं? मला अनुभव आहे."

प्रॉम्प्टिंगला विंगेत काका. आणि प्रयोगाच्या दिवशी, पहिल्या अंकाच्या ऐन मध्यात, काकांना विंगेमागची एक्स्टेन्शन वायर गरम लागली. ते वायरमागे गेले. त्याच क्षणी थोरली सून, म्हणजे आमच्या शुभदा काकू, वाक्य विसरल्या. विंगेत बघतात तर कुणी नाही!  पुढच्या रांगेतलं एक पोरगं मोठ्यानं विचारतंय, "मम्मा, इज शी डेड?"

आणि पलंगावरून आवाज आला. "किल्ल्या कुणाकडे आहेत, ते आधी सांगा!"

ऑर्ला! दर शुक्रवारी त्या पलंगावर पडून पडून तिला सगळं नाटक पाठ झालं होतं. डोळे मिटलेलेच, पण मराठी स्वच्छ, काकूंच्या हेलासकट!

टाळ्यांचा कडकडाट. काकूंना वाटलं, आता सावरायला हवं. त्या ओरडल्या, "अहो ऐकलंत का, सासूबाई शुद्धीवर आल्या!" झालं. सासूबाई शुद्धीवर आल्यावर सुनांना भांडायला काही उरलंच नाही. खलास! पहिल्याच अंकात नाटक संपलं आणि प्रेक्षक उठून वड्यांच्या टेबलाकडे गेले. तिथे अजून तेलसुद्धा तापलं नव्हतं.

मंडळाच्या इतिहासात लोकांनी पहिल्यांदाच वड्यांवरून शिव्या दिल्या आणि नाटकाचं कौतुक केलं.

*

आणि मग तो फोन आला.

जुन्या मालिकेचा नाही. डब्लिनमध्ये नवी मालिका होणार होती आणि त्यात एका म्हाताऱ्या आईची भूमिका होती, मोठी. ऑडिशन व्हिडिओ कॉलवर. एजंटनं स्पष्टच सांगितलं होतं, "ऑर्ला, ही शेवटची. हीसुद्धा गेली तर मी तुझं नाव माझ्या यादीतून काढतो." ती तडक माझ्याकडे आली. "हे झालं नाही," ती म्हणाली, "तर सिस्टर नोरा खरंच मेली असं मी धरून चालेन."

त्यांचा कामाचा शुक्रवार म्हणजे आमचा सुटीचा. ऑर्लाच्या घरी रंगकाम चाललेलं, म्हणून काकूंचा हॉल ठरला. प्रवेश असा होता: नदीला पूर आलाय, मुलगा आईला घरातून न्यायला येतो, आई ऐकत नाही. शेवटी मुलगा म्हणतो, "ठीक आहे, तुझी मर्जी," आणि निघून जातो. मग आई एकटी बसून राहते. एकही शब्द नाही, फक्त चेहरा. सगळी ऑडिशन त्या चेहऱ्यासाठी होती.

मुलाची वाक्यं कॅमेऱ्याबाहेरून वाचायला पुरुषाचा आवाज हवा होता. डेक्लन प्लॅटफॉर्मवर. राहिले बर्वे काका!

काकांनी कागद आधी वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "हा आईला पुरात सोडून जातो?"

"काका, तुम्ही फक्त वाचा."

"वाचतो ना. मी कुठे काय म्हणतोय!"

लॅपटॉपवर डब्लिनच्या ऑफिसातले तिघं दिसत होते, मध्ये दिग्दर्शक. ऑर्ला खुर्चीत बसली आणि बघता बघता म्हातारी झाली. काका सेफ्टीचं सर्क्युलर वाचावं तसं सपाट वाचत होते. उत्तम चाललं होतं. मग ते शेवटच्या वाक्यापाशी आले आणि थांबले.

मी हळूच म्हटलं, "ठीक आहे, तुझी मर्जी."

काकांनी कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली. "नाही," ते प्लांटवरच्या आवाजात, इंग्रजीत म्हणाले. "तुम्ही इथे बसायचं आणि मी जायचं, हे होणार नाही. माझ्या ड्यूटीवर आजवर कुणी आत राहिलेलं नाही."

मी डोळे मिटले. गेलं. सगळं गेलं.

पण ऑर्ला थांबली नाही. "हे माझं घर आहे," ती म्हणाली.

"घराचं नंतर बघू. पाणी कुठपर्यंत आलंय?"

ऑर्लानं खरंच खाली बघितलं. "पायरीपर्यंत."

"मग वेळ आहे. उठा."

"कुठे जाऊ? माझा माणूस इथे गेला. तेव्हा मी बाहेर होते. आता मी बाहेर जाणार नाही." यातलं एक अक्षर स्क्रिप्टमध्ये नव्हतं.

काकांचा आवाज एकदम उतरला. "मी हात देतो. काही उचलायचं नाही. मागे बघायचं नाही. चला."

ती कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग उठली. पाण्यातून चालावं तसा स्कर्ट वर धरून, काकूंच्या कोरड्या ठणठणीत गालिच्यावरून, काकांचा हात धरून दाराबाहेर गेली. पाठोपाठ चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या काकूही ट्रेसकट बाहेर गेल्या.

हॉलमध्ये मी, लॅपटॉप आणि रिकामी खुर्ची. मी डब्लिनची माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात काका परत आले. थेट लॅपटॉपपाशी.

"तुम्ही तिघं अजून आत? निघा! लिफ्ट वापरू नका."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मग दिग्दर्शकानं खुर्चीवरचा कोट उचलला. काकांनी बोट दाखवलं, तसा त्यानं तो परत ठेवला. आणि तिघंही गेले. पडद्यावर तीन रिकाम्या खुर्च्या!

मी बाहेर धावले. भर उन्हात, कंपाउंडच्या फाटकापाशी ऑर्ला उभी होती. तिचा फोन वाजला. तिनं स्पीकर लावला. पलीकडून गाड्यांचे आवाज, वारा आणि धापा टाकणारा दिग्दर्शक.

"ऑर्ला, भूमिका तुझी. फक्त त्या गृहस्थांना विचारतेस का, आम्ही आत जाऊ का? इथे पाऊस पडतोय."

ऑर्ला एकीकडे रडत होती, एकीकडे हसत होती. तिनं काकांकडे बघितलं.

काका म्हणाले, "आधी विचार, हेडकाउंट झाला का?"