उलट्या अर्थाची गाडी

"हो रंग कसलो रे?"

असं विचारून मिस्त्री वायरीचं टोक तुमच्या नाकासमोर धरायचे. तुम्ही त्या काळी मालवणात असतात तर तुम्हीही सुटला नसतात. वाटेने जाणारी मासेवाली असो, पाद्री असो, नाहीतर बायकोशी भांडून तरातरा निघालेला गृहस्थ असो. तांबडा म्हणा, हिरवा म्हणा, आणि पुढे चला. मिस्त्री मान डोलवायचे, "देव बरें करूं" म्हणायचे आणि पुन्हा गाडीखाली शिरायचे.

मिस्त्रींना तांबडा आणि हिरवा वेगळा दिसत नसे. मोटारीच्या तारा जोडण्यावर ज्याचं पोट, त्याच्याच डोळ्यांशी देवाने ही थट्टा केली होती. सरकारी गाड्या सुरू झाल्या तेव्हा ते नोकरी मागायला गेले. तिथल्या डॉक्टरने रंगीत ठिपक्यांचं पुस्तक पुढे केलं आणि विचारलं, काय दिसतं? मिस्त्री म्हणाले, "खूप ठिपके आसत." तेवढ्यावर घरी परत आले.

तेव्हापासून त्यांनी रंगांचा नादच सोडला. रंग विचारायचे ते फक्त जुनी तार ओळखायला. एकदा ती कुठे जाते हे कळलं की तिला माशाचं नाव द्यायचं. हॉर्नची तार म्हणजे शिंगाळो, कारण त्या माशाला शिंगं. पुढच्या मोठ्या दिव्यांची सुरमय, मागच्या दिव्याची बांगडो, काच पुसणाऱ्या दांड्यांची कुर्ली, म्हणजे खेकडी. एकदा एका सोवळ्या वकिलांच्या गाडीखालून ते ओरडले, "वकीलसायबानू, तुमची सुरमय कुसली!" वकील बिचारे चार माणसांत कावरेबावरे झाले. "अहो, आमच्यात खात नाहीत!" म्हणू लागले.

असे हे मिस्त्री आमच्या घरी आले ते माझ्या थोरल्या भावाच्या गाडीसाठी. खरं तर भावासाठीच.

दादा बोटीवर इंजिनखात्यात होता. मायदेशी परत निघालेल्या एका गोऱ्या साहेबाकडून त्याने मुंबईत एक गाडी घेतली होती. विलायती, दोनच माणसांची, वर छप्पर नाही, आणि जमिनीला इतकी लागून की आमच्या आईने पहिल्यांदा बघून विचारलं, "बाकीची खंय रवली?" फोंड्याच्या घाटातून दादा ती चालवत घरी घेऊन आला तेव्हा निम्मा बाजार पाहायला लोटला होता. पुढे एका सफरीत यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, आणि नोकरीही गेली.

घरी आला तो पडवीतल्या खुर्चीत बसला. उजवा हात खिशात. कोणी आलं की आत जायचा. जेवायचा एकटा, चमच्याने. बोलायचा हो आणि नाही. गाडी समोरच झावळ्यांच्या खोपीत, पण तिच्याकडे पाठ. फाटकाबाहेर तर पाऊलही नाही. चांगला धडधाकट माणूस डोळ्यांदेखत विझत चालला होता आणि आम्ही त्याला चहा देत होतो. मला रडू यायचं, रागही यायचा. हा असाच या खुर्चीत म्हातारा होणार, या धास्तीने माझी झोप उडाली होती.

म्हणून दादाला न विचारताच मी मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी गाडीचं तोंड उघडलं आणि कपाळाला हात लावला. खारा वारा आणि उंदीर यांनी मिळून गाडीतल्या तारांची पार चिंधी केली होती. पुढून मागपर्यंत जाणारी तारांची सगळी वेणीच बदलावी लागणार होती. मिस्त्रींनी ती सोडवून बाहेर काढली, पडवीत आणून दादाच्या पायाशी पसरली, आणि एक टोक त्याच्या नाकासमोर धरलं.

"हो रंग कसलो रे?"

दादाने मान फिरवली. मिस्त्री टोक धरून उभे. मी म्हणालो, "मी सांगतो." तर माझ्यावरच डाफरले, "मास्तरानू, तुमची शाळा नाय आज?" होती. मी गेलो. त्या दिवशी तो हात किती वेळ तसाच राहिला देव जाणे. परत आलो तेव्हा मात्र पडवीतून ऐकू येत होतं, "तपकिरी." मग बऱ्याच वेळाने, "काळो."

पुढे काम असंच चालायचं. दादाने खुर्चीतून रंग सांगायचा, मिस्त्रींनी मासा ठरवायचा. बेळगावहून आलेली नवी तार सगळी काळीच, म्हणून प्रत्येक टोकाला माशाच्या नावाची चिंधी. एका सकाळी पडवीतून दादाचा आवाज आला, "सुरमय खंय?" आई आतून रोवळी घेऊन धावत आली. तिला वाटलं मासेवाली आली. दादा हसला. किती महिन्यांनी! आई रिकामी रोवळी घेऊन तशीच उभी राहिली.

आता एक शब्द तुम्हाला समजून घ्यायला हवा. बॅटरीचं एक टोक गाडीच्या लोखंडी अंगाला जोडतात, त्याला मिस्त्री मंडळी 'अर्थ' म्हणतात. मी शाळेत मराठी शिकवायचो. "अर्थ बरो लागलो काय सगळा पेटता" असं मिस्त्री म्हणाले की मला भारी मौज वाटायची. वर्गात मीही दुसरं काय सांगत होतो?

मिस्त्रींचा जन्म लॉऱ्यांत गेला. त्या लॉऱ्यांत बॅटरीचं उणं टोक लोखंडाला असे. वेणी पूर्ण झाली त्या दिवशी हाताच्या सवयीने त्यांनी तसंच लावलं. दिवे लागले. शिंगाळो बोंबलला. आम्ही सगळे आनंदाने ओरडलो. मग इंजिन सुरू झालं, मिस्त्रींनी ते जरा जोरात केलं, आणि नव्याकोऱ्या वेणीतून धूर!

"काढ! काढ ती बॅटरी! हिचो अर्थ उलटो आसा!"

हे दादा ओरडला. खुर्ची आडवी झाली, एका उडीत तो पडवीखाली, आणि खिशातला हात बाहेर काढून त्याने बॅटरीचं टोक उपटून फेकलं. शेजारीपाजारी जमलेले. सगळ्यांनी तो हात पाहिला. दादाला त्याचं भानही नव्हतं. विलायती गाडीत बॅटरीचं अधिक टोक लोखंडाला लावतात, उलटं लावलं तर दिवे लागतात पण इंजिनाचा डायनामो तारा जाळतो, हे तो तावातावाने सगळ्यांना सांगत होता. तो जळका वास मला त्या दिवशी अत्तरासारखा वाटला, खरंच सांगतो.

मिस्त्री मात्र मटकन खाली बसले होते. "माझा चुकला रे, दादा."

"इंग्रजांचा सगळाच उलटा," दादा म्हणाला. "तुमचो काय दोष?"

पण त्यांना ते लागलं. रंग दिसत नाही तो डोळ्यांचा दोष. ही चूक हाताची होती. हत्यारं तशीच टाकून ते मान खाली घालून गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. मी निरोप धाडला तर उत्तर आलं, "बरा नाय."

पुढचं आधीच सांगून टाकतो. गोवा मोकळा झाल्यावर मिस्त्री म्हापशाला लेकीकडे गेले आणि तिथेच वारले. तोवर दादा त्यांच्या गॅरेजात भागीदार झाला होता. तुम्ही म्हणाल, मग सांगायला राहिलं काय? ती एक सकाळ राहिली.

मिस्त्रींचं ते उत्तर आलं त्या सकाळी दादा खोपीत शिरला. जळलेल्या तारा त्याने स्वतः बदलल्या, तीन बोटांनी. टोक हातातून सुटत होतं, तो शिव्या घालत होता आणि पुन्हा धरत होता. मी मदतीला वाकलो तर खेकसला. मग बॅटरी लावली, तिच्या उलट्या अर्थाने. इंजिन सुरू झालं. आम्ही धुराची वाट पाहत होतो. धूर आला नाही.

मी बाजूच्या जागेवर बसायला गेलो.

"तू नको. ती जागा मिस्त्रींची. आणूक जातंय तेंका."

एवढं बोलून तो फाटकाबाहेर पडला. आई पदराला हात पुसत बाहेर आली, रिकामी खुर्ची बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि दोघांसाठी पेज टाकायला आत पळाली.

बऱ्याच वेळाने आवाज आला. आई वाडगे घेऊन फाटकात जाऊन उभी राहिली. गाडी आली. मिस्त्री काचेची कड दोन्ही हातांनी धरून ताठ बसले होते, आणि दादा त्यांना ओरडून काहीतरी सांगत होता. दोघांचंही आमच्याकडे लक्ष नव्हतं. गाडी फाटकासमोरून तशीच पुढे तारकर्लीकडे गेली.

मी हाक मारायला तोंड उघडलं. आईने माझा दंड धरला.

"जांव दी," ती म्हणाली. "लांब जांव दी."