काळी पाचची पट्टी आणि मार्चचा ठेका

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला वांकिडीजवळच्या आमच्या गावात पेटी वाजवणारे एकच होते. त्यांना सगळे तात्या म्हणत. ते पुरुषांच्या भजनी मंडळात बसत. शेजारच्या गावी भजनस्पर्धा ठरली. पेटीशिवाय मंडळाचे नाव लिहून घेत नव्हते, आणि आईच्या महिला मंडळाला पेटी वाजवणारे कोणी नव्हते. सात वर्षे देवळात गाणाऱ्या या बायका गावाबाहेर एकदाही गायल्या नव्हत्या. आईने तात्यांना विचारले.

"आमचंबी नाव हाय तिथं, वैनी," तात्या म्हणाले. "दोनीकडून कसा वाजवू? पुढच्या साली पाहू."

आईने घरी येऊन स्पर्धेचा अर्ज भरला आणि पेटीच्या रकान्यात माझे नाव लिहिले. मी आठवीत होते. मामाने हैदराबादहून आणलेला छोटा कीबोर्ड माझ्याकडे होता. त्यावर मला येत होते ते फक्त पांढऱ्या पट्ट्यांवर. आईची पट्टी काळी पाच, म्हणजे तिचा सा पाचव्या काळ्या पट्टीवर.

उपाय कीबोर्डातच निघाला. सूर वरखाली करणारे एक बटण होते. ते खालच्या बाजूने दोनदा दाबले की पहिल्या पांढरीतून आईचा सा येई आणि माझी बोटे ओळखीच्या जागीच राहत. पेटीचा आवाज यादीत नव्हता. जवळचा म्हणून ऑर्गन घेतला.

ढोलकी वाजवणारेही मंडळात कोणी नव्हते, म्हणून कीबोर्डातल्या तयार ठेक्यांपैकी एक निवडायला बायका आमच्या ओसरीवर जमल्या. डिस्को लावल्यावर टाळ वाजवणाऱ्या काकू उठून दोन पावले नाचल्या. तीन-तीन मात्रांच्या वॉल्ट्झवर दादऱ्यातली गौळण बरी बसली, पण स्पर्धेचा अभंग बसेना. शेवटी मार्चवर टाळ जमले.

"पोलिसाची परेड वाटून राह्यली," काकू म्हणाल्या.

"वाटू दे. चालते तर आहे," आई म्हणाली.

खरी अडचण पुढे आली. आमच्याकडे अभंग संथ सुरू होतो आणि शेवटच्या चरणाला लय चढते. ढोलकीवाला गाणाऱ्यांच्या मागे जातो. यंत्र कुणाच्या मागे जात नव्हते. बायका पुढे निघून जात आणि मार्च मागे राही.

"हे काऊन थांबून राह्यलं?" एकीने विचारले.

"थांबत नाही, मागं राहते," मी सांगितले. लय वाढवायचे बटण होते, पण माझे दोन्ही हात गुंतलेले.

काकूंनी टाळ दुसऱ्या बाईच्या हाती दिले. "मी दाबतो. मले फक्त सांगशील कवा."

"आईकडे बघा. तिची मान हलली की दाबा."

स्पर्धेच्या दिवशी वीज नव्हती. कीबोर्डात सहा सेल होते. तात्यांच्या मंडळानंतर आमचा नंबर लागला. खाली उतरताना तात्यांनी कीबोर्डाकडे पाहिले. "भाता कुठं हाय याले?" त्यांनी विचारले. काकूंनी बटण दाबायचे आपले बोट दाखवले.

प्रत्येक मंडळाला आठ मिनिटे होती. अभंग नीट सुरू झाला. शेवटच्या चरणाला आईची मान हलली, काकूंनी बटण दाबले, आणि धीर येऊन दाबतच राहिल्या. बायका मागे हटल्या नाहीत. टाळ, मार्च आणि आवाज एकाच वेगाने धावले आणि अभंग सहाव्या मिनिटाला संपला. मी घाईत समाप्तीचे बटण दाबले. त्यातून ढोलांची फटाक्यासारखी लड निघाली. मंडप हसला, मग टाळ्या पडल्या.

संयोजकांनी उतरायची खूण केली.

"दोन मिनिटं आहेत अजून," आई त्यांना म्हणाली आणि तिथेच दुसरा अभंग उचलला. तो आमच्या सरावात नव्हता. मी सूर शोधत होते, ठेका कोणता ते कळत नव्हते.

"बटन राहू दे," काकू हळूच म्हणाल्या आणि टाळ परत घेतले. "तू नुसता सा धरून ठेव."

मी सा धरला. आठ मिनिटे पूर्ण होईपर्यंत कोणी उतरले नाही.