बुवांचा सिनेमा आणि माझा षड्ज

आमच्या अप्पांनी आयुष्यात एकच सिनेमा पाहिला, आणि तोही जमिनीवर बसून. दोष सगळा माझा.

अप्पा, म्हणजे माझे वडील, मुलींच्या शाळेत गाणं शिकवत. त्याआधी बारा वर्षं ते दरबारच्या एका बुवांच्या मागे तानपुरा धरून बसले होते. बुवांनी आपला आवाज कधी तबकडीवर उतरवू दिला नाही. (यंत्र आवाज चोरतं, असं त्यांचं मत होतं.) त्यामुळे बुवा गेले आणि आवाजही गेला. मग संस्थान गेलं, मध्य प्रदेश आला. त्याचं अप्पांना फारसं काही वाटलं नाही. तो आवाज पुन्हा एकदा कानावर पडावा, एवढंच त्यांना हवं होतं.

अशात मुंबईच्या कुणीतरी बुवांच्या आयुष्यावर रंगीत सिनेमा काढला. घरात इंग्रजी मासिकं वाचणारी मी एकटी, कॉन्व्हेंटवाली. वाचता वाचता मी सांगून टाकलं, की सिनेमात बुवांचा खरा आवाज आहे. (मी दिवसाला चार वाक्यं बोलत असे. त्यातलं एक नेमकं हे!) दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचलं, तर तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं. पण तोवर अप्पांनी ठेवणीतलं धोतर इस्त्रीला दिलं होतं, आणि माझ्यात धीर नव्हता.

दुपारच्या खेळाची बाल्कनीची तिकिटं मीच आणली. अप्पांनी दारातच चपला काढल्या, वर गेले, खाली पडद्याकडे पाहिलं आणि थबकले.

"बुवा खाली आणि मी वर? नाही जमायचं."

"अहो, कुर्सीच आहे ती, सिंहासन नाही," आई म्हणाली.

पण गुरूसमोर खुर्चीवर बसायचं नाही, हा त्यांचा नेम. मग आमची वरात सर्वात खालच्या वर्गात आली. पडद्याच्या पायथ्याशी मांडी घालून अप्पा, शेजारी पोह्यांचा डबा घेऊन आई, आणि कडक इस्त्रीच्या फ्रॉकमध्ये, जमीन दुभंगायची वाट बघत मी. मागून कुणीतरी विचारलं, "क्यों भिया, कथा है क्या?"

सिनेमा देखणा होता. खरंच. झुंबरं, कारंजी, संगमरवरी जिने. बुवा दर प्रवेशाला नव्या शेरवानीत. (खऱ्या बुवांकडे दोन कोट होते, त्यातल्या एकाला बटणं नव्हती.) ते वाऱ्यावर केस उडवत डोळे मिटायचे, आता गाणार म्हणून अप्पा पुढे सरकायचे, आणि पडद्यावर मोर यायचा. तीनदा मोर आला, एकदा हरणं. नायिका उठल्यासुटल्या बुवांचं नाव घ्यायची, आणि गुरूचं नाव आलं की अप्पा कानाची पाळी धरायचे. अर्ध्या तासात त्यांची पाळी लालबुंद झाली. मागच्या दोन रांगाही कान धरू लागल्या. काय नियम आहे ते ठाऊक नव्हतं, पण बाबूजी करतात म्हणजे असेल काहीतरी.

अखेर बुवा बसले. तानपुरा उलटा, तारा भिंतीकडे. आवाज आला, तो कुणातरी गोडगोड तरुणाचा.

"हे बुवा नव्हेत," अप्पा माझ्याकडे वळून म्हणाले.

मी खरं ते सांगितलं. मासिकात तसं काहीच नव्हतं, मीच ठोकून दिलं होतं. अप्पांनी पुन्हा पडद्याकडे तोंड केलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

तेवढ्यात रीळ तुटलं. दिवे लागले, शिट्ट्या सुरू झाल्या. आमचं बोलणं ऐकत बसलेला मागचा एक गिरणी कामगार पुढे झुकला. "बाबूजी, आप तो जानते थे उनको. असल में कैसा गाते थे?"

हा प्रश्न वीस वर्षांत अप्पांना कुणी विचारला नव्हता. मीही नाही.

"षड्ज धर," ते मला म्हणाले.

"मी? इथे?"

"तानपुरा घरी आहे. तू आहेस. धर."

मी पाठ ताठ केली, डोळे मिटले, हात गुडघ्यावर ठेवला आणि 'सा' लावला. तो थेट शेजारच्या गल्लीत निघाला होता; अप्पांनी गुणगुणत त्याला माघारी आणलं, आणि दुपारचा सारंग सुरू केला. वरच्या सुराआधी बुवा बारीक खोकत, तेही अप्पांनी तसंच घेतलं. शेंगदाण्याची टरफलं फुटायची थांबली. फक्त पंखे वाजत होते. रीळ जोडून सिनेमा पुन्हा चालू झाला, तर तो कामगार मागे वळून ओरडला, "अरे भिया, बंद कर यार, थोड़ी देर!"

घरी जाताना टांग्यात अप्पांचे डोळे ओले होते. "थोडा वेळ आले होते ग," ते आईला म्हणाले.

मी जरा धीर करून विचारलं, "आणि माझा षड्ज?"

गाण्याच्या बाबतीत अप्पा खोटं बोलत नसत. मल्हारगंज येईपर्यंत त्यांनी विचार केला.

"दिसायला फार छान होता," ते म्हणाले.