कलत्या इंजिनाखाली खांदा

परवा बुधवारी कारखान्यात माझ्या हातून एक भलतंच झालं… गड्यांनो, तुमी सगळे मिळून वाचा, पण आमच्या घरापर्यंत आवाज जाईल असं वाचू नका.

हैदराबादेत येऊन मला तीन वर्षं झाली. तीन हंगाम आपल्या कुरुंद्यात हळद शिजली, आन मी इथं लॉऱ्यांच्या पोटाखाली उताणा पडून. दुपारी ग्रीस तापलं की एक जड वास सुटतो… डोळे मिटून मी त्यात कढईवरच्या वाफेचा वास हुडकतो. सापडत नाही. तुमची नखं आता पिवळी झाली असतील, माझी काळी आहेत.

यंदा मात्र हळदीला घरी यायचं जमलं होतं. आमचे मोठे मिस्त्री, त्यांना आमी उस्ताद म्हणतो, ते स्वतःहून म्हणाले, बुधवारी हे लॉरीचं इंजिन बसवून दे आन गुरुवारच्या गाडीनं जा, आठ रोज. पूर्णेला गाडी बदलायची, वसमतला उतरायचं, पुढं पायी… मी गठुडं सोमवारीच बांधून ठेवलं.

इंजिन उचलायला आमच्याकडं एक लोखंडी घोडा आहे. खाली चार चाकं, पुढं दोन लांब पाय, वर सोंडेसारखा दांडा, दांड्याला साखळी आन आकडा. बाजूचं हँडल फिरवलं की इंजिन हळूहळू चढतं. दहा माणसांचं काम करतो, पण त्याची मर्जी राखावी लागते.

उस्तादांनी पहिल्याच महिन्यात बजावलं होतं. चार बोटं उचलायचं आन थांबायचं, कलतंय का बघायचं. दुसरीकडं न्यायचं असलं तर इंजिन आधी गुडघ्याच्या खाली उतरवायचं, मगच घोडा ढकलायचा. उंच लटकवून कधीच नाही.

इंजिन मेजावरून उचललं तेव्हा ते छातीएवढं वर होतं. लॉरी दहा पावलांवर. खाली उतरवा, ढकला, पुन्हा तेवढंच चढवा… हँडल मारून मारून दंड भरून येतात. मी म्हटलं, असंच नेऊ.

हँडलवर शंकर होता, आपल्या नरसी गावचा. तो म्हणाला, "काहून इतकी घाई रे कुरुंदेकर? कढई उतू चालली का?"

"तू ढकल. उस्ताद चहा पिऊन राहिले."

"मंग बोलणी तू खायची. मी न्हाई."

सहा-सात पावलं बराबर गेलो. मग शहाबादी फरशीच्या फटीत पुढचं चाक अडकलं. घोडा थांबला, इंजिन कशाला थांबतंय… ते झोका घेऊन पुढं गेलं, आन घोड्याची मागची चाकं उचलली.

आता मी जे केलं ते तुमच्यातल्या कोणीबी केलं असतं. ओढ्यात भरली गाडी कलली की आपण विचार करतो का? खांदा लावतो. जो लावत नाही त्याला त्याच्या लग्नाच्या पंगतीतसुद्धा लोक ऐकवतात. मी तसाच वाकून खाली शिरलो.

मागून उस्ताद ओरडले, "हट! गिरने दे! गिरने दे उसको!" ऐकू आलं, पण उमगलं नाही. पडतंय ते पडू दे, असं आजवर मला कोणी म्हटलंच नव्हतं… मग त्यांनीच मागून ओढलं, सदऱ्याची कॉलर आवळली, गुंडी तुटली, आन मी मागं फरशीवर आपटलो.

इंजिन खाली आलं. फरशीचे तीन तुकडे झाले, इंजिनाच्या अंगाला हातभर चीर. आता भाग मागवायचे, पुन्हा सगळं खोलायचं, जोडायचं… सुट्टी गेली हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

उस्ताद धापा टाकत होते. "कायकू घुसा रे नीचे?"

मी म्हटलं, "उस्ताद, आमच्या गावात गाडी कलली की खांदा लावतात."

ते म्हणाले, "वहाँ बैलां भी जोर लगाते ना रे. ये तो अकेला लटकरा था. तेरे साथ कौन था?"

शंकर म्हणाला, "उस्ताद, ह्याला खांद्याची लई हौस हाय. उद्यापासून पाण्याचे डबे ह्यालाच द्या." कोणी हसलं नाही. मग तोच फरशीचे तुकडे उचलायला लागला.

काल गुरुवार. माझी गाडी गेली त्या वेळेला मी फुटक्या इंजिनाच्या पुढ्यात बसून होतो. उस्तादांनी एक कोरा कागद आणून माझ्या मांडीवर ठेवला. "घर कू लिख, छुट्टी नई मिली. मेरे नाम पे डाल दे, बोल उस्ताद नई छोड़ा."

मला रागच आला, स्वतःचा. मी म्हटलं, "मग तुमीच लिहा."

"मेरे कू लिखना नई आता रे," ते म्हणाले. "अच्छा हुआ, तूच लिखरा." आन हात धुवायला निघून गेले. ते काय बोलून गेले, हे मला जरा उशिरा कळलं… त्यांनी ओढलं नसतं तर आज घरी दुसऱ्याच कोणाच्या हातचा कागद गेला असता.

तर माझ्या आबांना सांगा, कारखान्याच्या मालकानं सोडलं नाही. उस्तादांचं नाव घेऊ नका. आईला खांद्याचं काही सांगू नका. माझ्या जागी कढईला कोणीतरी उभं राहा, नाहीतर आबा एकटेच कढई ओढतील.

अक्षर वाकडं आहे, काने-मात्रे चुकले आहेत. मास्तर असते तर छडीच मारली असती… पण आईनं विचारलं तर हा कागद तिच्या हातात द्या. तिला वाचता येत नाही, तरी माझ्या हातचं ती बराबर ओळखते.