दादाची तिथी

हे वहिनीला सांगायचं होतं, आणि ती गेल्या पोळ्याला गेली. बायकोला सांगितलं नाही, देवापुढेही कधी मोठ्यानं उच्चारलं नाही. आज तुमच्यापुढे बोलतो — पण सुरुवात कुठून करू?

दर्यापार कुठे लढाई चालली होती म्हणे, आणि इकडे कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. आमच्या वलगावचे बैल अकोल्याची वाट तुडवत होते. मी आणि माझा थोरला भाऊ, नारायणदादा, एकाच गाडीवर निघालो. माघातली गोष्ट. कापूस विकला, आणि दुसऱ्या सकाळी धर्मशाळेत दादाला पटकी झाली.

पटकी तुम्ही पाहिली आहे का? दुपारपर्यंत माणसाचे डोळे खोल जातात, आवाज जातो. दादानं माझं धोतर धरलं.

"गणू, पाणी आन रे. लवकर ये."

मी लोटा घेऊन मोर्णा नदीवर गेलो. काठावर तीन चिता जळत होत्या, चौथी रचत होते. आमचे बैल तिथंच बांधलेले होते. मी — मी परत गेलो नाही. गाडी जुंपली. लोटा रिकामाच माझ्या मांडीशी आहे, हे मला मूर्तिजापूर मागे पडल्यावर दिसलं.

वाटभर मनाशी म्हणत आलो, आतापर्यंत गेलाच असेल. खरंच तसं वाटत होतं का मला?

"दादा गेला," मी अंगणात म्हणालो.

वहिनीनं एकच विचारलं, "तोंडात पाणी घातलं का तुमी?"

"हो," मी म्हणालो.

तिच्या बांगड्या फुटल्या. मी डोकं भादरलं, तेरावं केलं, गाव जेवलं.

मग शेताचं आलं. दादाला मूल नव्हतं. त्याच्या वाट्याचं शेत वहिनीच्या नावावर चढलं नाही, तर भाऊबंद तिला टिकू देणार नव्हते. अमरावतीच्या कचेरीतला कारकून म्हणाला, माणूस अकोल्यात मेला, तर तिथल्या पाटलाचा दाखला आणा. "मले बी घेऊन चाला, ती जागा पाहू द्या," वहिनी म्हणाली. मी तिला साथीची भीती घातली आणि एकटाच गेलो.

चैत्र लागला होता. धर्मशाळेच्या म्हाताऱ्या राखणदाराला मी दादाचं नाव सांगितलं.

"वलगावचा नारायण? तो होळीले गेला."

होळीला? आमचं तेरावं उरकून चांगला अर्धा महिना झाला, तेव्हा होळी आली होती. मला वाटलं, म्हाताऱ्याची गल्लत होतेय.

पण तो सांगत राहिला. दादा पटकीतून उठला होता. पाय मात्र चालत नव्हते. साथीच्या धास्तीनं गाड्या बंद, निरोप न्यायला कोणी नाही. रोज दाराशी येऊन बसायचा. मग तापानं धरलं. "एकच बोले — माहा भाऊ पाण्याले गेला तो आलाच नाही, त्यालेच पटकीनं गाठलं असंन. अन् रडे." मग म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. "तुमी त्याचे कोन?"

"गाववाला," मी म्हणालो.

मी बाहेर आलो. आम्ही पिंड ठेवले तेव्हा दादा त्या दाराशी बसलेला होता — जिवंत. बांगड्या फुटल्या तेव्हा वहिनी सवाशीण होती. हे डोक्यात शिरेना. अजून तरी कुठं शिरतं?

पाटलानं तिथी विचारली. साथीत मेलेल्यांची टिपणं कोणी ठेवली नव्हती. खरी तिथी त्या घडीला मला ठाऊक होती, आणि मी अडखळलोसुद्धा नाही. "माघ वद्य पंचमी," म्हणालो. त्यानं लिहिलं. शेत वहिनीच्या नावावर चढलं.

पुढे दरसाल माघ वद्य पंचमीला ती सोवळ्यानं रांधायची आणि मी दादाचं श्राद्ध करायचो. होळीला ती माझ्या पानात पुरणाची पोळी वाढायची, वर तूप सोडायची. आणि मी ती खायचो. एक साल चुकवलं नाही.