परत न ठेवलेलं रोप

आमच्या अकोल्याच्या चर्चमध्ये कापणीच्या सणाला उपासनेनंतर आवारात लिलाव होतो. लोकांनी अर्पण केलेल्या तुरीच्या शेंगा, संत्री, कोंबड्या, घरचे केक, सगळं बोलीवर जातं. यात एक रीत आहे. बोली जिंकणारा पैसे भरतो आणि "परत ठेवा" म्हणतो. वस्तू पुन्हा विकली जाते, मंडळीला दुप्पट मिळतं.

मागच्या सणाला उपदेशाला माझा मित्र आला. तो आता चिखलदऱ्याकडे पाळक आहे. अमरावतीच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहिलो, एका ताटात जेवलो. पंप आणि पाइपचं दुकान दोघांनी काढायचं ठरलं होतं. जागाही पाहून ठेवली. मग एका सकाळी तो म्हणाला, देवानं हाक मारली. दुकान मी एकट्यानं उभं केलं, चांगलं उभं केलं. पण लोक म्हणतात मी माझी वाट निवडली, तेव्हा मला राग येतो. वाट त्यानं निवडली. मी त्यानं सोडलेल्या वाटेवर उरलो. कंपनीच्या माणसाशी मी तासभर भाव करू शकतो. देवाशी कसा करणार?

तेव्हापासून मी त्याच्या गावी पाऊल ठेवलं नव्हतं.

त्यानं बायबलातल्या जिवलग मित्रांवर, दावीद आणि योनाथानावर, उपदेश केला. मी पुढच्या बाकावर सरसावून बसलो. आता आमची खोली येणार, ते ताट येणार. पण उपदेशात आला तो चिखलदऱ्याकडच्या आश्रमशाळेचा मास्तर. दोघं पहाटे जंगलात फिरतात, पाखरं ओळखतात, न बोलता प्रार्थना करतात. "देवानं मला तिथं हा मित्र दिला," तो म्हणाला. मास्तर मागच्या बाकावर बसून खाली मान घालून हसत होता.

लिलावात मित्रानं आणलेलं कॉफीचं रोप निघालं. मास्तरानं बोली लावली. मी चढवली. त्यानं वाढवली, मी पुन्हा चढवली. जो माणूस चहासुद्धा भाव विचारून पितो, तो मी घाम पुसत ओरडत होतो. शेवटी मास्तर गप्प बसला.

"परत ठेवा, काका!" पोरं ओरडली.

"नाही ठेवत," मी म्हणालो आणि कुंडी काखेत मारली.

मित्र जवळ आला. "अबे, अकोल्याच्या उन्हात कॉफी लावतं काय? मास्तर ते परत नेऊन जमिनीत लावनार होता. दोघायनं वाढवलं हाय आमी."

"म्हनूनच घेतलं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. समजलं त्याला.

रोप मी कूलरसमोर ठेवलं. ओली पोती गुंडाळली, सावली केली. मार्च लागताच पानं कडेनं करपायला लागली. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी गळलेली पानं उचलताना वाटायचं, हे मेलं तर त्याला तोंड कसं दाखवणार? शेवटी मीच फोन केला.

"वर घेऊन ये," तो म्हणाला.

"मंग मास्तर पानी घालन त्याले."

"तर तू येत जाय न पानी घालाले. काहून येत नाहीस? वाट पाहून पाहून थकलो मी."

इतक्या वर्षांत हे त्यानं कधी म्हटलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

परतवाडा ओलांडून घाट चढलो तशी हवा गार झाली. रोप मांडीवर होतं, गाडी भाच्याला चालवायला लावली होती. मित्राच्या अंगणात सिल्व्हर ओकच्या सावलीत मास्तर खड्डा खणत होता. मी त्याच्या हातातून पहार घेतली.

"खड्डा लहान हाय," मी म्हणालो.

"बराबर हाय तुमचं," मास्तर म्हणाला आणि बाजूला झाला. भांडणही करू देत नाही हा माणूस.

रोप लावलं. पाणी मीच घातलं. मित्रानं प्रार्थनेला डोळे मिटले, मास्तरानंही मिटले. मी एक डोळा किलकिला ठेवला, मित्र कुणाच्या जवळ उभा आहे ते पाहायला.

बरोबर मधोमध उभा होता. मला तेही पटलं नाही. पण पुढच्या महिन्यात पाणी घालायला जायचं आहे. माझ्याआधी मास्तरानं माती भुसभुशीत करून ठेवू नये, म्हणून जरा लवकरच निघणार आहे.